‘अद्दल’ कुठे घडवायची, कुठे नाही

गल्लीतल्या पोरानं कैरी पाडायला दगड भिरकावला. फांदीवर आपटून तो माघारी आला आणि पोराच्याच सायकलचा दिवा फुटला. खिडकीतून सगळं पाहणाऱ्या आजी म्हणाल्या, “बरी अद्दल घडली!” न्यायाधीश नाही, फिर्याद नाही, कुणी पावती फाडली नाही, तरी वाक्य चपखल बसलं. आता त्यात ‘शिक्षा’ घालून बघा: “बरी शिक्षा झाली.” चालतं, पण ढिलं पडतं, लगेच प्रश्न येतो, शिक्षा केली कोणी? ‘दंड’, ‘प्रायश्चित्त’ किंवा ‘सूड’ घातलात तर वाक्यच मोडतं.

वाक्प्रचारांच्या पुस्तकांत बहुधा एवढंच असतं: अद्दल घडणे – शिक्षा मिळणे. परीक्षेत याला गुण मिळतात, लिहिताना मात्र हा अर्थ फसवतो. “दोनदा तुरुंगात जाऊन आला, पण अद्दल काही घडली नाही” हे वाक्य कोणताही मराठी माणूस अडखळल्याशिवाय समजून घेतो. शिक्षा मिळाली, अद्दल राहिली. सायकलवाल्या पोराचं उलटं झालं. म्हणजे शिक्षा आणि अद्दल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कधी एकत्र येतात, कधी नाही. हा फरक हातात आला की शब्दाचा वापर आपोआप नीट होतो.

शब्द कोणत्या घरातला

मूळ अरबी ‘अद्ल’, म्हणजे न्याय. त्याच धातूतून ‘अदालत’ आली आणि ‘आदिल’, म्हणजे न्यायी, हाही शब्द आला. विजापूरच्या आदिलशाहीच्या नावात तोच बसलेला आहे. जहांगीरनं आग्र्याच्या किल्ल्यात फिर्यादींसाठी साखळी बांधली होती. तिला ‘जंजीर-ए-अदल’ म्हणत, आणि तिला साठ घंटा होत्या असं त्याच्या आत्मचरित्रात आहे.

फारसीच्या वाटेनं मराठीत येईपर्यंत शब्दाचा रोख बदलला. न्यायावरून तो न्याय्य परिणामावर आला आणि तिथून त्या परिणामातून अंगी उतरणाऱ्या शहाणपणावर. पण मुळातली न्यायाची चव गेली नाही. म्हणून ‘अद्दल’ म्हणताच ‘होतं ते योग्यच होतं’ हे न बोलता बोललं जातं. शब्दाचं सगळं बळ यात आहे, आणि सगळा धोकाही.

‘अदलाबदल’मधल्या ‘अदल’शी अर्थाचं काही नातं नाही. लिहिताना एक ‘द’ गळला की वाचणाऱ्याचं मन नेमकं तिकडे जातं.

तीन अटी

अद्दल म्हणायला तीन गोष्टी लागतात.

पहिली, ज्याला भोगावं लागलं त्याची काहीतरी आगळीक हवी: उद्धटपणा, लबाडी, हाव, बेफिकिरी, वारंवार सांगूनही न ऐकणं. साधी चूक सहसा पुरत नाही. घाईत चुकीच्या लोकलमध्ये चढून कुणी विरारला पोचला तर त्याला अद्दल घडली असं आपण म्हणत नाही. दहा जणांना ढकलून तो त्या डब्यात शिरला असेल तर म्हणतो.

दुसरी, परिणाम त्याच आगळिकीतून उगवलेला हवा. वर्षभर भाडेकरूला छळणाऱ्या मालकाचा पाय अंगणात मुरगळला, याला अद्दल म्हणणं ओढूनताणून होतं. भाडेकरूला त्रास व्हावा म्हणून त्यानंच जिन्यातला दिवा काढून ठेवला होता आणि त्याच अंधारात तो घसरला, तर मात्र म्हणायला हरकत नाही.

तिसरी, पुढच्या वेळी तो माणूस विचार करेल अशी शक्यता हवी. यासाठी मराठीत दुसरा नेमका वाक्प्रचार आहे, ‘कानाला खडा लावणे’. अद्दल आधी, खडा नंतर. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते अद्दल घडल्यावरचंच वागणं. म्हणून मृत्यूच्या संदर्भात हा शब्द वापरला की वाक्य कसंतरीच वाटतं. मेलेला माणूस कानाला खडा कुठून लावणार? “फाशी देऊन त्याला अद्दल घडवली” हे तर्कानंही चुकतं आणि ऐकायलाही क्रूर वाटतं. तिथे बोलायचं असतं ते इतरांना बसणाऱ्या धाकाबद्दल, आणि त्यासाठी ‘जरब’ आणि ‘वचक’ हे दोन चांगले शब्द आहेत. दोन्ही बसतात. “जरब बसली”, “वचक बसला”. वचक टिकतो किंवा राहत नाही. अद्दल टिकत नाही, ती एकदाच घडते.

पूर, भूकंप, आजार, अपघात यांत सापडलेल्या लोकांबद्दल हा शब्द वापरू नये, याचं कारण पहिल्याच अटीत आहे. तिथे ‘भोग’ म्हणतात, आणि त्या शब्दात या जन्मीचा दोष गृहीत नसतो.

घडणं आणि घडवणं

हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि जवळजवळ नेहमी एकाच क्रियापदाच्या जोडीनं चालतो: घडणे, किंवा घडवणे. ‘अद्दल झाली’, ‘अद्दल केली’, ‘अद्दल मिळाली’, ‘अद्दल दिली’ हे सगळं परक्या कानाचं वाटतं. कारण मजेशीर आहे. मराठीत ‘घडतं’ काय काय ते आठवा. उपास घडतो, दर्शन घडतं, पाप घडतं, पुण्य घडतं, प्रवास घडतो. ठरवून, हिशेब मांडून केलेल्या गोष्टींपेक्षा योगानं वाट्याला आलेल्या गोष्टी या क्रियापदाला आवडतात. चहाच मिळाला नाही आणि जेवणही हुकलं की आपण म्हणतो, “आज उपासच घडला.” अद्दल त्याच पंगतीला बसते. ‘घडवणे’ आलं की मात्र मागे कुणाचा तरी हात येतो, कुंभारासारखा, आणि वाक्यात हेतू शिरतो.

वाक्याचा साचा असा:

भोगणाऱ्याला ‘ला’ किंवा ‘स’ लागतो आणि क्रियापद अद्दलीप्रमाणे चालतं. “त्याला अद्दल घडली.” “त्यांना अद्दल घडली.” अनेक माणसं असली तरी अद्दल एकवचनीच राहते, ‘अद्दली घडल्या’ कुणी म्हणत नाही.

करणारा असेल तर “तिनं त्याला अद्दल घडवली.” भविष्यात “घडवीन”, “घडवेल”. ‘घडवली’ आणि ‘घडविली’ दोन्ही बरोबर, पण एका मजकुरात एकच ठेवा.

‘-कडून अद्दल घडवण्यात आली’ हा सरकारी थाटाचा कर्मणी प्रयोग टाळावा. करणारा लपवायचा असेल तर साधं ‘अद्दल घडली’ पुरतं. सांगायचा असेल तर सरळ सांगा.

कारण जोडताना ‘बद्दल’ वापरायचा मोह होतो, कारण ‘शिक्षा’ त्याच्याबरोबर सहज चालते: “चोरीबद्दल शिक्षा झाली.” पण “चोरीबद्दल अद्दल घडली” म्हणून बघा. बद्दल-अद्दल असं यमक वाजतं आणि वाक्य बालगीतात जातं. त्यापेक्षा आधी कृत्य सांगा, मग अद्दल येऊ द्या: “फुकटात मिळतंय म्हणून पाच ताटं भरली, रात्रभर पोट धरून बसला, चांगली अद्दल घडली.”

विशेषणं मोजकीच आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी. ‘चांगली’ इथे चांगुलपणा दाखवत नाही, भरपूरपणा दाखवते, ‘चांगलाच ओरडा बसला’मध्ये दाखवते तसाच. ‘च’ तिच्यामागेच लावायचा: “चांगलीच अद्दल घडली.” ‘बरी’मध्ये बघणाऱ्याचं समाधान असतं, त्यामुळे ती बहुतेक बोलण्यातच शोभते. ‘कायमची’ आणि ‘जन्माची’ परिणामाची लांबी सांगतात. दिवा फुटल्यावर ‘जन्माची अद्दल’ म्हटलं तर ती गंमत होते, आणि गंमत करायची असेल तर उत्तमच. ‘मोठी अद्दल’, ‘कठोर अद्दल’ हे दोन्ही ‘शिक्षा’च्या घरून उसने आणलेले आहेत. ते परत करावेत.

धमकी देताना सर्वांत मराठी रचना म्हणजे ‘अशी… की’. “अशी अद्दल घडवीन की पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाहीस.” ‘की’च्या नंतरचं ठोस असायला हवं. “अशी अद्दल घडवीन की लक्षात ठेवशील” यात दम नाही, कारण लक्षात राहणं हे अद्दलीच्या अर्थातच आहे.

शब्दाला विभक्ती लावायची वेळ सहसा येत नाही. ‘अद्दलीमुळे’, ‘अद्दलीनंतर’ व्याकरणात बसतात, पण लिहिलेलं अवघडल्यासारखं दिसतं. “अद्दल घडल्यामुळे”, “अद्दल घडल्यावर” लिहा.

शेजारचे शब्द

नेमका शब्द निवडायचा तर बाकीची भावकी ओळखावी लागते. यातला प्रत्येक शब्द आपलं क्रियापद घेऊन येतो, आणि बहुतेक चुका क्रियापदांच्या अदलाबदलीत होतात.

शिक्षा होते, सुनावतात, ठोठावतात, भोगतात. तिला अधिकार लागतो, मग तो न्यायालयाचा असो, मुख्याध्यापकांचा असो किंवा आईचा. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणं-शिकवणं. उच्चारांचं शास्त्र सांगणाऱ्या वेदांगाचं नाव तेच आहे. हिंदीनं तो अर्थ ठेवला. मराठीनं शिकवण्याचं काम ‘शिक्षण’कडे दिलं आणि शिक्षेच्या हाती छडी उरली. म्हणून ‘सर्व शिक्षा अभियान’ हे नाव महाराष्ट्रात आलं तेव्हा सगळ्यांनाच शिक्षा करणारी योजना म्हणून त्यावर विनोद झाले. हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनी हा खड्डा कायम लक्षात ठेवावा. “उसे अच्छी शिक्षा मिली”चं मराठी “त्याला चांगलं शिक्षण मिळालं” असं होतं. घाईत उलटा अर्थ छापला जातो.

कायद्याच्या मजकुरात तर ‘शिक्षा’लाच जागा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षेचे प्रकार दिले आहेत: मृत्युदंड, जन्मठेप, सक्तमजुरीची किंवा साधी कैद, मालमत्ता जप्त करणं, द्रव्यदंड, आणि नव्यानं आलेला प्रकार म्हणजे समाजसेवा करायला लावणं. यात अद्दल कुठेही नाही, आणि असूही शकत नाही. शिक्षा किती ते कायदा ठरवू शकतो. तिनं गुन्हेगाराच्या डोक्यात प्रकाश पडेल की नाही हे कलमात लिहिता येत नाही.

दंड आज मुख्यतः पैशाचा. तो करतात, आकारतात, भरतात, वसूल करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली नशेत गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘दुसऱ्यांदा’साठी वेगळी तरतूद ठेवावी लागते, कारण पहिल्या दंडानं प्रत्येकाला अद्दल घडत नाही हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असतं. जुन्या मराठी कागदपत्रांत दंडाच्या रकमेला ‘गुन्हेगारी’ म्हणत. वाद जिंकणाऱ्यानं सरकारात ‘हरकी’ भरायची आणि हरणाऱ्यानं ‘गुन्हेगारी’. आजच्या वाचकासमोर तो शब्द त्या अर्थानं ठेवला तर खुलासा करावाच लागेल. पैशाचा दंड आणि तालमीतला दंड यांचा घोळ मात्र सहसा होत नाही. संदर्भ सांभाळून घेतो.

शास्ती हा कचेरीतला शब्द. नियम मोडल्यावर प्रशासन जी आकारणी करतं ती शास्ती. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवरचा ‘शास्तीकर’ वर्षानुवर्षं गाजला, त्यामुळे तिथल्या रिक्षावाल्यालाही हा शब्द माहीत आहे. इतरत्र अर्जावरच भेटतो. ‘शासन’ त्याच धातूतला, आणि त्याच्यात तर दुहेरी अर्थ आहे. “दोषींना कडक शासन केलं जाईल” यात शासन म्हणजे शिक्षा. “शासन दोषींना कडक शासन करील” असं लिहिलंत तर दोन्ही अर्थ एकमेकांना धडकतात. मथळ्यात तिथे ‘सरकार’ आणि ‘शिक्षा’ वापरून मोकळं व्हावं.

प्रायश्चित्त माणूस स्वतः घेतो, निदान मान्य तरी करतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना सांगितलं ते ‘देहांत प्रायश्चित्त’, असंच मराठी परंपरा सांगते. शास्त्रीबुवांच्या तोंडी ‘देहदंड’ नाही, ‘प्रायश्चित्त’ आहे, यात अर्थ आहे. दंड द्यायचा तर अंमल करणारी सत्ता हवी, आणि सत्ता तर समोरच्याच माणसाच्या हातात. प्रायश्चित्त सांगितलं की ते घेण्याची जबाबदारी पाप करणाऱ्यावर जाते. आता या जागी “रामशास्त्र्यांनी राघोबादादांना अद्दल घडवली” असं लिहा म्हणजे शब्द चुकीच्या जागी पडला की किती उथळ होतो ते दिसेल. शिवाय रघुनाथरावांनी ते प्रायश्चित्त घेतलंच नाही, त्यामुळे वाक्य वस्तुस्थितीलाही धरून होत नाही. लिहिताना शेवटचा ‘त्त’ जोडाक्षर आहे हे विसरू नये. ‘प्रायश्चित’ ही छापील मराठीतली फार नेहमीची चूक आहे.

सूड घेतात किंवा उगवतात. सूड घेणाऱ्याला आपलं दुःख फेडायचं असतं, समोरचा सुधारला काय नि न सुधारला काय. धडा शिकवतात, मिळतो, घेतात. त्यात आगळीक असलीच पाहिजे असं नाही. दुसऱ्याच्या चुकीवरूनही धडा घेता येतो, पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात तसा. अद्दल मात्र दुसऱ्याच्या अंगावर घेता येत नाही. ज्याला ठेच लागली त्यालाच ती घडते.

बोलण्यातली फौज

वर्तमानपत्री मराठीत ‘अद्दल’ सरसकट येते, पण कट्ट्यावर तिच्या जागी बहुतेक दुसरंच काही ऐकू येतं. “जिरली!” एवढा एकच शब्द पुरतो; काय जिरलं ते सांगावं लागत नाही. सांगायचंच तर मस्ती जिरते, रग जिरते, खुमखुमी जिरते. माज आणि गुर्मी उतरतात, नक्षाही उतरतो. खोड मोडते. नांगी ठेचतात. दात घशात घालतात.

यांतही निवड आहे. खोड ही सवय आहे, म्हणून तिथे लहान पोरगाही चालतो: “वर्गात दुसऱ्यांच्या डब्यात हात घालायची खोड मोडली.” माज हा सत्तेचा किंवा पैशाचा असतो, तीन वर्षांच्या मुलाचा माज उतरवला असं लिहिणारा स्वतःच वाईट दिसतो. नांगी विंचवाची, म्हणून समोरचा डंख मारणारा असावा लागतो. शेरास सव्वाशेर भेटला हे अद्दल कशामुळे घडली त्याचं वर्णन आहे, अद्दलीचा पर्याय नाही. ‘कानउघाडणी’ फक्त शब्दांची असते, ती झाल्यावर अद्दल घडायची अजून बाकी असते.

“करावं तसं भरावं”, “पेरावं तसं उगवतं”, “पापाचा घडा भरला” या म्हणी-वाक्प्रचारांत हिशेब लांबचा आहे, कधी आयुष्यभराचा. अद्दलीचा हिशेब जवळचा, डोळ्यांसमोरचा. चाळीस वर्षांनी आलेल्या परिणामाला अद्दल म्हणू नका. तिथे या म्हणीच शोभतात.

बातमीत हा शब्द का नको

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. “मोबाइल चोराला जमावाने घडवली अद्दल”, “छेड काढणाऱ्याला तरुणींनी घडवली अद्दल” अशा घाटाचे मथळे रोज दिसतात. शब्द लहान, ठसकेबाज, दोन ओळींत बसणारा. उपसंपादकाला तो का आवडतो हे समजण्यासारखं आहे. पण वर पाहिलं तसं, अद्दल म्हणताच ‘योग्यच झालं’ हा निकाल त्यात येतो. पकडलेला माणूस चोर आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. जमावानं त्याला मारलं हा स्वतंत्र गुन्हा आहे. एका शब्दानं पहिल्याला दोषी ठरवलं आणि दुसऱ्यांना निर्दोष सोडलं.

जातपंचायतीच्या बातम्यांत हे आणखी बोचतं. पंच म्हणतात, “अद्दल घडवायला वाळीत टाकलं.” बातमीदारानं पंचांचा शब्द अवतरणचिन्हांशिवाय उचलला की पंचायतीचा निवाडा वर्तमानपत्रानं मान्य केल्यासारखं होतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणजे ज्याला पंच अद्दल म्हणतात त्याला कायदा गुन्हा म्हणतो.

मग मथळ्यात काय लिहायचं? घडलं ते लिहा: ‘मारहाण’, ‘चोप’, ‘पोलिसांच्या हवाली’. परिणाम सांगायचा पण निकाल द्यायचा नाही, यासाठी मराठीत चांगल्या क्रियापदांची सोय आहे. ‘भोवणे’ आणि ‘नडणे’ ही त्यांतली सर्वांत उपयोगी: “बेदरकार ओव्हरटेक भोवला”, “कागदपत्रांतली दिरंगाई नडली”. ‘अंगलट येणे’, ‘अंगाशी येणे’, ‘महागात पडणे’ हीही चालतात. यांत कारण आणि परिणाम जोडलेले राहतात, पण ‘बरं झालं’ असं लेखक म्हणत नाही. मात्र जीव गेला असेल तर ‘भोवलं’देखील जपून वापरावं, कारण घरची माणसं ती बातमी वाचणार असतात.

अग्रलेखात, ललितात, क्रिकेटच्या वर्णनात मात्र मोकळीक आहे. सलग तीन चेंडू पुढे येऊन मारायला गेलेला फलंदाज चौथ्या चेंडूवर यष्टिचीत झाला, तर अद्दल घडली म्हणण्यात कुणाचंच नुकसान नाही.

शाळेच्या सूचनाफलकावर आणि संस्थेच्या पत्रव्यवहारात हा शब्द नको. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. “गैरशिस्त विद्यार्थ्यांना अद्दल घडवण्यात येईल” असा फलक लावणारी शाळा आपल्याच हस्ताक्षरात तक्रारीचा पुरावा देते. ‘नियमानुसार कारवाई’ हा शब्दप्रयोग नीरस आहे, पण कचेरीत तोच हवा. थकबाकीदार सभासदांना लिहितानाही तेच. तिथे ‘विलंब शुल्क’, ‘व्याज’, ‘शास्ती’ यांपैकी नियमात जे असेल ते नेमकं लिहावं.

इंग्रजीतून आणताना

‘कमअपन्स’साठी ‘अद्दल’ हा जवळजवळ मापात बसणारा शब्द आहे. फक्त इंग्रजी शब्दात ‘मिळणं’ आहे, म्हणून भाषांतरकार “त्याला त्याची अद्दल मिळाली” लिहून जातात. ‘त्याची’ही काढा आणि ‘मिळाली’ही. “त्याला अद्दल घडली.” संपलं. ‘कंडाइन पनिशमेंट’ म्हणजे अपराधाच्या मापाची शिक्षा; तिथे प्रमाणाला महत्त्व आहे, सुधारण्याला नाही, म्हणून ‘यथोचित शिक्षा’ किंवा साधं ‘योग्य ती शिक्षा’. ‘डिटरंट’ असेल तर ‘जरब बसवणारी’. ‘अद्दल घडवणारी शिक्षा’ हा शब्दप्रयोग भाषणांत रूढ आहे आणि चुकीचा नाही. त्यात सुधारणा शिक्षा झालेल्याकडून अपेक्षित असते, तर ‘जरब’मध्ये बघणाऱ्यांकडून. ‘पोएटिक जस्टिस’ला ‘काव्यगत न्याय’ म्हणतात, पण कथेत ते जड होतं. पात्राच्या तोंडी “ज्या खड्ड्यात दुसऱ्याला पाडायला निघाला, त्यातच पडला” हे जास्त जिवंत.

परीक्षेतलं वाक्य

वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न आला की मुलं लिहितात: “रामूला अद्दल घडली.” यातून अर्थ कळला की नाही हे तपासणाऱ्याला समजत नाही, रामूच्या जागी काहीही झालेलं असू शकतं. वाक्यात तिन्ही अटी आल्या पाहिजेत. “‘लांडगा आला’ म्हणून रोज खोटं ओरडणाऱ्या मुलाच्या मदतीला खऱ्या वेळी कुणी धावलं नाही, तेव्हा त्याला चांगलीच अद्दल घडली.” आगळीक, तिचाच परिणाम, आणि उमजणं, सगळं एका दमात. काळ बदलला तरी चालतो, पण ‘घडणे’ हटवून ‘मिळणे’ घातलं तर वाक्प्रचारच मोडतो आणि गुण जातो.

लिहिताना द्द, द्ध नव्हे. हद्द, रद्द, मुद्दा, गद्दी यांच्या रांगेतला. शुद्ध, युद्ध यांच्या नव्हे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-डी, ओ, डी, ओ, एन असं दाबलं की अद्दल उमटते. काही फाँटमध्ये खालीवर जोडलेला द्द दिसतो, काहींत पहिल्या द चा पाय मोडलेला दिसतो. दोन्ही एकच, दुरुस्त करत बसू नये.

कुणाला म्हणायचं

शेवटचा पेच संबोधनाचा. ‘अद्दल घडवणे’ वरून खाली वाहतं. आई लेकाला म्हणते, “थांब, तुला चांगली अद्दल घडवते,” आणि दोघांनाही कळतं की फार तर संध्याकाळचं खेळणं बंद होणार आहे. बरोबरीच्यांत ती भांडणाची भाषा होते. ‘तुम्हाला’ लावून वडीलधाऱ्यांना म्हटलं तर आदरार्थी बहुवचनाचा काही उपयोग होत नाही. “काका, तुम्हाला बरी अद्दल घडली” यातला ‘तुम्हाला’ उलट जास्त टोचतो. काकांच्या बाबतीत बोलायचंच असेल तर घटनेवर बोलावं: “काका, ते जरा अंगलट आलं, नाही?”

स्वतःबद्दल मात्र हा शब्द सर्वांत गोड वाटतो. “फसव्या जाहिरातीला भुललो, चांगलीच अद्दल घडली मला.” इथे निकाल देणारा आणि भोगणारा एकच असतो, त्यामुळे ऐकणारा हसतो आणि चहा मागवतो.